अमूर्त चित्रातला गोंधळ आणि सुसंवाद : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमूर्त चित्र म्हणजे नुसता रंगांचा गोंधळ, हा आक्षेप या चित्रकलेइतकाच जुना आहे. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकमध्ये संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचे संगीत ऐकल्यावर रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्की यांनी त्यांना पत्र लिहिले आणि चित्रात काय किंवा संगीतात काय, आज कानांना किंवा डोळ्यांना खटकणारा विसंवाद हा उद्याचा सुसंवादच असतो, अशा आशयाचा विचार त्यात मांडला. पुढील सगळ्या चर्चेचे बीज मला या पत्रात दिसते.

कँडिन्स्की यांचे 'कॉम्पोझिशन ७' हे सुमारे २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद चित्र पाहताना प्रथम डोळा कुठेच ठरत नाही; रेषा एकमेकींना छेदतात, रंग एकमेकांवर चढतात आणि ओळखीची म्हणावी अशी वस्तू सापडत नाही. प्रत्यक्ष रंगकाम नोव्हेंबर १९१३ मध्ये अवघ्या चार दिवसांत झाले, पण त्याआधी त्यांनी तीसहून अधिक आराखडे आणि अभ्यासचित्रे केली होती. चित्र आकार घेत असताना त्यांच्या सहचारिणी, चित्रकार गाब्रिएले म्युंटर यांनी काढलेली छायाचित्रेही उपलब्ध आहेत. जे उत्स्फूर्त उद्रेकासारखे भासते, ते इतक्या तयारीनिशी रचलेले होते, ही गोष्ट या चित्राविषयी बोलताना फार कमी वेळा सांगितली जाते.

वाद खरा पेटला तो अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्यामुळे. १९४७ पासून ते कॅनव्हास जमिनीवर अंथरून, त्याच्या चहूबाजूंनी फिरत, पातळ रंग काठीने किंवा कडक झालेल्या ब्रशने वरून ओघळवू लागले. नोव्हेंबर १९५० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने एका इटालियन समीक्षकाच्या लेखातील निवडक वाक्ये छापली. त्यांत गोंधळ, सुसंवादाचा पूर्ण अभाव आणि तंत्राचा अभाव असे शब्द होते. पोलॉक यांनी संतापून तार केली आणि आपल्या चित्रांत गोंधळ नसल्याचे ठणकावून सांगितले. त्याच वर्षीचे 'ऑटम ऱ्हिदम' त्यांच्या बाजूने साक्ष देते, असे मला वाटते: आधी काळ्या रेषांचे जाळे, मग त्यावर तपकिरी, पांढरा आणि करडा-निळा, आणि ५ मीटरांहून अधिक रुंदीवर कोणताही एक कोपरा दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही.

१९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओघळांत फ्रॅक्टल रचना, म्हणजे लहान-मोठ्या प्रमाणांवर पुन्हा पुन्हा आढळणारी एकाच प्रकारची गुंतागुंत, असल्याचा दावा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात केला. २००६ मध्ये त्याच नियतकालिकात इतर संशोधकांनी साध्या गिरगोट्यांनाही तो निकष लागू पडतो, असे दाखवून या पद्धतीवर हरकत घेतली. मोजमापाचा हा वाद मिटला नाही, तरी चर्चेचा रोख मात्र बदलला. चित्रात सुव्यवस्था आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे, हे आता विचारले जाऊ लागले.