सेवकांसाठी प्रार्थना व उत्तेजन (ग्रामीण विदर्भ)

सेवकांसाठी प्रार्थना व उत्तेजन ही ख्रिस्ती मंडळ्यांमधली जुनी रीत आहे, म्हणजे जे लोक मंडळीत देवाची सेवा करतात त्यांच्यासाठी बाकीच्यांनी नाव घेऊन प्रार्थना करायची आणि त्यांना धीर येईल असं काहीतरी हातानं पण करायचं. सेवक म्हटलं की पहिले पाळकसाहेबच, म्हणजे मंडळीचे पास्टर, डोळ्यासमोर येतात, पण त्यात गावोगाव शुभवर्तमान सांगणारे सुवार्तिक येतात, घरोघरी बायांना शास्त्र वाचून दाखवणारी बायबलबाई येते, संडे स्कूल घेणारी मुलगी, ढोलकी वाजवणारा पोट्टा, रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या टाकणारा माणूस, हे सगळे येतात. विदर्भातल्या खेड्यात याचं महत्त्व जास्त, कारण इथं बऱ्याचदा एकाच पाळकाकडे तीन-चार गावं असतात, कुठं मंडळी म्हणजे पंधरा घरं तर कुठं पाचच, आणि जो माणूस सगळ्यांच्या दुखण्याखुपण्यासाठी, पेरणीसाठी, पोरांच्या दहावी-बारावीसाठी प्रार्थना करत फिरतो त्याच्यासाठी कोणी गुडघे टेकले का, हे विचारायचं राहूनच जातं.

शब्दाबद्दल

बाहेर 'उत्तेजन' म्हटलं की शाळेतलं उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, मंडळीत मात्र हा शब्द पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, बोलण्यात आलाय, आणि त्याच्या जोडीला बोध, सांत्वन, धीर हे शब्द पण त्याच अर्थानं चालतात. प्रेषितांची कृत्ये ४:३६ मध्ये कुप्र बेटावरच्या योसेफ नावाच्या एका लेव्याला प्रेषितांनी बर्णबा नाव दिलं, मराठी शास्त्रात त्याचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिलाय, पण मूळ ग्रीक शब्दात सांत्वन आणि उत्तेजन दोन्ही बसतात. लगेच पुढच्या ओवीत तो आपली जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतो. वावर विकणं म्हणजे काय असतं हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. आणि नंतर मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा प्रेषित पौल, बदललाय यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, सगळे घाबरत होते, तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा, आणि पुढं तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला घेऊन येणारा पण हाच. पौलाची सेवा जी उभी राहिली तिच्यामागं हा एक माणूस होता हे विसरून चालत नाही.

शास्त्रातला आधार

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट निर्गम १७ मधली. खाली इस्राएल अमालेकाशी लढतोय, वर टेकडीवर मोशे हात वर करून उभा, हात वर असला की इस्राएलची सरशी, हात खाली आला की अमालेकाची. मग हात भरून आले तर अहरोन आणि हूर यांनी एक धोंडा आणून त्याला बसवलं आणि दोघांनी दोन बाजूंनी हात धरून ठेवले, पार सूर्य मावळेपर्यंत. इथं लोक 'हात धरणं' असंच म्हणतात, 'आपल्या पाळकाचे हात धरा' म्हणजे त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पण माझं लक्ष नेहमी त्या धोंड्याकडे जातं, कारण त्यांनी आधी त्याला बसायला दिलं.

दुसरी गोष्ट एलीयाची, १ राजे १९. मोठं काम करून आलेला संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून देवाला म्हणतो की आता पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याच्यावर रागावत नाही, उपदेशही करत नाही, झोपू देतो, देवदूत हात लावून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपतो, परत उठवतात, परत खायला देतात. निखाऱ्यावरची भाकर म्हणजे आपल्याकडच्या माणसाला सरळ गोवऱ्यांवर भाजलेला रोडगाच दिसतो. थकलेल्या सेवकाला काय द्यावं याचं इतकं साधं उत्तर शास्त्रात दुसरीकडे मला सापडलं नाही.

पौल तर स्वतःसाठी प्रार्थना मागायला कधीच लाजला नाही. इफिसकरांस ६:१९ मध्ये म्हणतो माझ्यासाठी विनंती करा म्हणजे तोंड उघडेन तेव्हा मला बोलायला शब्द मिळतील, थेस्सलनीकाकरांना लिहितो बंधूंनो आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि शेवटच्या दिवसांत, तुरुंगातून, आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्याच्या आधी ये. येवढा मोठा प्रेषित, पण त्याला थंडी वाजत होती आणि माणसाची सोबत पाहिजे होती.

पगाराचं वचन पण लोकांना पाठ आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात २५:४, तेच पौल १ तीमथ्य ५:१८ मध्ये शिकवणाऱ्या वडिलांसाठी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी, वापरतो. आता सगळीकडे थ्रेशर आलेत, पण ज्या म्हाताऱ्यांनी खळ्यात बैलांची पात फिरवली त्यांना या वचनाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

विदर्भात ही रीत कशी आली

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले, दुसऱ्या वर्षी शाळा काढली, त्याच कामातून पुढं १८८३ ला त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. त्यांना दगडांचा, जीवाश्मांचा आणि जुन्या दगडी वर्तुळांचा अभ्यास होता. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची वर्तुळं बघून बोरीला परत येताना रात्री पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. हे बुटीबोरीजवळचं टाकळघाट, आजही रस्त्यात लागतं. गावातल्या प्रार्थनेत 'प्रभू, आमच्या पाळकांना येताजाताना सांभाळ' हे वाक्य दर वेळी येतं आणि नव्या पिढीला ते पाठ केलेलं वाटतं, पण श्रावणात रपट्यावरून पाणी चाललेलं असताना अंधारात मोटरसायकल घालणारा माणूस ज्यांनी बघितलाय त्यांच्यासाठी ते पाठ केलेलं वाक्य नाही.

पुढं वऱ्हाडात अकोला, अमरावती, खामगाव भागात अलायन्स मिशन आलं, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, नागपूर-कामठीकडे मेथॉडिस्ट. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, देशभरातली मुलं सेवेचं शिक्षण घ्यायला तिथं यायची, १९८३ ला ती पुण्याला गेली. २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते पण नागपुरातच.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी संबंध असा, की मिशनच्या काळात पाळकाचा पगार, बंगला, औषधपाणी सगळं मिशनकडून यायचं, मंडळीनं फक्त ऐकायचं. मिशनरी परत गेले आणि सेवकाला उभं धरायची जबाबदारी मंडळीवर आली, आणि मंडळी म्हणजे कोण तर कोरडवाहू शेतकरी, मजूर, एखादा मास्तर, एखादी नर्स. त्यामुळं इथलं उत्तेजन पाकिटात कमी आणि पोत्यात जास्त येतं.

प्रत्यक्षात कसं करतात

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेत सेवकांचा उल्लेख असतोच, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. खरी प्रार्थना होते ती घरगुती प्रार्थनेत, जिला कॉटेज मीटिंग म्हणतात, आठवड्यात एका संध्याकाळी एकाच्या घरी. वावरातून लोक यायला साडेआठ वाजतात, ओसरीवर सतरंजी, टाळ-ढोलकीवर नारायण वामन टिळकांची भजनं, मग वचन, मग विनंत्या. काही गावात वर्षातून एक-दोनदा पाळकांनाच मधे खुर्चीवर बसवतात आणि सगळे भोवती उभे राहून त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मी एकदा बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे, कापूस वेचणीचे दिवस होते, बायांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी चिरा पडलेल्या, एका आजीनं तो हात पाळकांच्या डोक्यावर ठेवला आणि बोलली एवढंच, 'देवा, हा आमच्या घरी रात्री दोन वाजता आलता, याच्या घरी तू जाय.' आमेन म्हणायलाही कोणाचा आवाज निघाला नाही. पाळकसाहेब रुमाल काढून नुसते बसून राहिले.

हंगामाच्या सणाला लोक पहिलं पीक आणतात, ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, सोयाबीन, एखादी कोंबडी, संत्र्याच्या पट्ट्यात संत्री, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. पण बऱ्याच घरांत पाळकांचा वाटा त्याआधीच वेगळा काढलेला असतो, दोन पायली तूरडाळ, तिखट, कधी लाकडं. याची पावती नसते आणि कोणी मागतही नाही.

साखळी प्रार्थना म्हणजे एकेका घरानं एकेक तास वाटून घेऊन रात्रभर किंवा दिवसभर प्रार्थना चालू ठेवायची, पाळक आजारी असले, ऑपरेशन असलं की हे होतंच. उपास-प्रार्थना शुक्रवारी ठेवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. जानेवारीचा पहिला आठवडा प्रार्थना सप्ताह असतो, आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभर बायकांचा प्रार्थना दिवस पाळतात तो महिला मंडळ इथंही पाळतं. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून ऑक्टोबर महिना पाळकांच्या कौतुकाचा म्हणून ठेवतात, शहरातल्या काही मंडळ्या आता तसं करतात, शाल देतात, केक कापतात. चांगलंच आहे, पण ऑक्टोबरात आपल्याकडे सोयाबीनची धावपळ असते, खेड्यात ते रुजेल असं वाटत नाही, त्याला इथं हंगामाचा सणच बरा.

काय मागावं

'देवा, तुझ्या सेवकांना आशीर्वाद दे' एवढं म्हटलं की झालं, असं आपण धरतो. माझं स्पष्ट मत आहे की ही प्रार्थना चुकीची नाही पण आळशी आहे. ज्याच्यासाठी मागायचं त्याची गरज माहीत पाहिजे, आणि ती माहीत करायची तर त्याच्या घरी जावं लागतं. पाळकाच्या मोटरसायकलचं टायर गुळगुळीत झालंय का, पोराची कॉलेजची फी भरली का, गावाकडे आई आजारी आहे का, तीन मंडळ्यांत तीन उपदेश करून घसा बसलाय का. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, कर्जापायी जीव दिलेल्यांची घरं तर त्याआधीपासून आहेत, अशा घरांत सांत्वनाला जाणारा माणूस रात्री स्वतःच्या घरी आल्यावर जेवू शकतो का, झोपू शकतो का, हे पण मागायचं आहे. त्याच्या वचनाच्या अभ्यासासाठी मागा, मोहापासून, पैशाच्या फासापासून, गर्वापासून राखण्यासाठी मागा, आणि तो हसावा म्हणून पण मागा, कारण इब्री १३:१७ मध्ये लिहिलंय की त्यांनी हे काम आनंदानं करावं, कण्हत नको.

मेळघाटात कोरकू वस्त्यांमध्ये सेवा करणाऱ्यांचं वेगळंच आहे, भाषा वेगळी, पावसाळ्यात वाट बंद, मोबाईलला रेंज नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे खाली परतवाडा-अचलपूरला बसून करतात आणि ती झाली हे त्यांना कळायलाच चार दिवस लागतात.

पाळकीणबाई आणि पोरं

यावर फार कमी बोललं जातं. पाळकीणबाईला, म्हणजे पाळकाच्या बायकोला, पगार नाही पण काम पाळकाएवढंच, कोणीही कधीही दारात, चहा तर ठेवावाच लागतो, घरात साखर असो नसो. महिला मंडळ तिनं चालवायचं, गाणी तिनं बसवायची, आणि तिच्या साडीवर पण लोकांचं लक्ष. पोरांना तर 'पाळकाचा असून असं वागतो' हे वाक्य जन्मापासून ऐकावं लागतं. आमच्याकडे एका पाळकीणबाईला गावातल्या चार बाया दर बुधवारी दुपारी जाऊन विचारायच्या, काऊन वं बाई, आज तुह्यासाठी काय मागू? पहिले दोन-तीन बुधवार ती म्हणायची काही नाही, सगळं बरं आहे. चौथ्या बुधवारी ती रडली, आणि त्यानंतर मोकळी बोलायला लागली. त्या चौघींनी ते बाहेर कुठं बोललं नाही हे महत्त्वाचं, कारण नाहीतर प्रार्थनेची विनंती दुसऱ्या दिवशी पारावर पोचते आणि सेवकाचं तोंड कायमचं बंद होतं. असं झालेलं मी बघितलंय, एका चांगल्या सेवकानं पैशाची अडचण एका वडिलांना विश्वासानं सांगितली, आठ दिवसांत 'पाळक कर्जबाजारी आहेत' हे सगळ्या मंडळीत, आणि पुढं त्यांनी कधीच कोणाला काही सांगितलं नाही.

मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये विनंती आली की हात जोडल्याचं चित्र आणि 'आमेन' टाकायची सवय झालीय. टाका, पण टाकायच्या आधी खरंच दोन मिनिटं थांबून नाव घ्या, आणि जमलं तर फोन करून तिथल्या तिथं प्रार्थना करा. फोनवर पलीकडून दोन मिनिटं कोणी आपल्यासाठी देवाशी बोलतंय हे ऐकणं सेवकाला शंभर आमेनपेक्षा जास्त पुरतं.

बदलीच्या वेळी

ज्या मंडळ्यांमध्ये पाळकांच्या बदल्या होतात तिथं निरोपाची प्रार्थना हा मोठा प्रसंग असतो. टेम्पोत पलंग, कूलर, पुस्तकांची खोकी, सायकल सगळं चढवून झालं की टेम्पोभोवतीच सगळे उभे राहतात, ड्रायव्हर पण टोपी काढून थांबतो, मंडळीतले वडील प्रार्थना करतात आणि बाया पाळकीणबाईच्या पिशवीत भाकरी-ठेचा, कुरडया, पापडांचा डबा कोंबतात. उन्हाळ्यात बदली असली तर टेम्पो दुपारी निघत नाही, ऊन उतरल्यावरच. आणि तिकडे नव्या गावी, ज्यांनी या माणसाला अजून बघितलं पण नाही, त्यांच्यातलं कोणीतरी संध्याकाळी जाऊन पाळकघराचं कुलूप काढतं, झाडून घेतं, माठ भरून ठेवतं आणि अंगणात बाज टाकून टेम्पोची वाट बघत बसतं.