सागरी महामार्गावर माल मागवताय? खाडीची कुठली बाजू, ते आधी सांगा

चिपळुणातून आमचे टेम्पो किनाऱ्याकडे लाद्या, पत्रे, सिमेंट, कपाटं, फ्रीज घेऊन जातात. पत्ता विचारला की बरेच जण सांगतात, "सागरी महामार्गाला लागूनच आहे." मग गाडी खाडीच्या काठावर जाऊन थांबते. घर समोर दिसतं, पण पोचता येत नाही. हे पत्रक मुख्यतः याच गोष्टीसाठी काढलं आहे.

सागरी महामार्ग म्हणजे प्रमुख राज्यमार्ग ४. अलिबाग तालुक्यातल्या रेवसपासून मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण करत तो वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला जातो. नकाशावर ही रेघ सलग दिसते, प्रत्यक्षात ती खाड्यांनी तोडलेली आहे. रत्नागिरीच्या खाली भाट्ये, पूर्णगड इथे पूल आहेत. पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ इथे गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ दाभोळ-धोपाव्याचा होतो. मध्ये वाशिष्ठीची खाडी. अलीकडे दाभोळ, तालुका दापोली. पलीकडे धोपावे, तालुका गुहागर. रस्त्याचा नंबर दोन्हीकडे एकच. पण दाभोळचा माल आम्ही खेड, दापोलीमार्गे नेतो आणि धोपाव्याचा मार्गताम्हाने, शृंगारतळीवरून. चिपळूण सोडतानाच दोन वाटा वेगळ्या होतात. "दाभोळ खाडीजवळ" एवढंच कळल्यावर ड्रायव्हर दाभोळला पोचला आणि घर धोपाव्याचं निघालं, तर तुमचा गवंडी दिवसभर लाद्यांची वाट बघत बसतो आणि आमच्या पुढच्या दोन घरांचा मालही अडकतो. जयगड-तवसाळचं तसंच. जयगडला आम्ही निवळी फाट्यावरून वळतो, तवसाळला गुहागर तालुक्यातून उतरतो.

म्हणून गावाच्या आधी तालुका सांगा. त्यानंतर मुख्य रस्ता कुठल्या फाट्यावर सोडायचा ते, मग वाडी. मोबाइलवरून लोकेशन जरूर पाठवा, पण त्याच्या भरवशावर तालुका गाळू नका. फोनमधला नकाशा जवळचा रस्ता म्हणून फेरीवरूनच वाट काढून देतो, आणि ती वाट मोटारसायकलला ठीक आहे.

"मग टेम्पो फेरीवर घाला की," असं हक्कानं सांगणारे ग्राहक आहेत. फेरीवर टेम्पो जातो, आम्हीही नेतो. मात्र ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि उंच रचलेला माल सरकतो. काच, लाद्या, फ्रीज असेल तर आम्ही लांबचा रस्ता धरतो, आणि पावसाळ्यात भरलेली गाडी बोटीवर चढवतच नाही. त्यामुळे भाडं वाढतं हे खरं, पण फुटलेल्या लाद्यांपुढे ते कमीच असतं. हलका माल फेरीने गेला तर फेरीची पावती बिलाला जोडून देतो आणि तेवढीच रक्कम लावतो.

आणखी एक अडचण जुन्या नंबरांची. मुंबई-गोवा महामार्ग आता ६६ आहे, पूर्वीचा १७. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता २०४ होता, तो १६६ झाला. आमचे जुने ड्रायव्हर दोन्ही ओळखतात, नवीन मुलं पाटी बघून चालतात. नंबर आठवत नसेल तर कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघून सांगा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. फाटा सापडायला तेवढी खूण बरीच उपयोगी पडते.

घर पाखाडीखाली असेल तर तेही आधीच सांगावं. गाडी वरच थांबते. माल खाली उतरवायला माणसं लागतात, ती आम्ही सोबत आणू शकतो. आयत्या वेळी गावात माणसं शोधायची झाली की मजुरी जास्त पडते आणि वेळही जातो.

पूर्ण गाडीइतका माल नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. त्याच बाजूच्या दुसऱ्या ग्राहकाच्या मालाबरोबर तुमचा माल लावतो आणि भाडं वाटून घेतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या गाड्या येताना आंब्याच्या पेट्या भरून येतात, त्यामुळे त्या दिवसांत जायचं भाडं कमी ठेवता येतं. घराचं काम काढणाऱ्यांनी फरशी, पत्र्याचा मोठा माल त्या सुमारास मागवला तर फायद्याचं ठरेल, आणि पावसाच्या आत घरातही येईल.