प्रसविका-प्रशिक्षण, जोखमीच्या बाळंतपणाचे

गरोदरपण, प्रसूती आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे या काळात उद्भवणारी गुंतागुंत वेळीच ओळखणे, तिच्यावर पहिला उपचार करणे आणि गरज पडेल तेथे स्त्रीला सुस्थितीत पुढे पाठवणे, यांसाठी प्रसविकांना (रीतसर शिकलेल्या सुईणींना) दिले जाणारे शिक्षण. सरळ बाळंतपण करता येणे येथे गृहीत धरलेले असते. आंतरराष्ट्रीय प्रसविका महासंघाच्या मानकांप्रमाणे मूळ अभ्यासक्रम किमान तीन वर्षांचा, तर आधी परिचर्या शिकलेल्यांसाठी किमान अठरा महिन्यांचा असतो. जोखमीचे प्रशिक्षण त्या काळात सुरू होते. पुढे नोकरीभर ते पुन्हापुन्हा घ्यावे लागते.

इतिहास : आडव्या मुलाला पोटात वळवून पायांकडून काढण्याची रीत दुसऱ्या शतकाच्या सुमारास इफेससच्या सोरेनस या ग्रीक वैद्याने नोंदवली आहे. जर्मन प्रसविका युस्टिना झीगमुंड हिने १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, एका हाताने पायाला बांधलेली फीत ओढायची आणि दुसऱ्याने डोके वर सारायचे, असा दोन हातांचा डाव चित्रांसह दिला आहे. तोवरचे शिक्षण बहुतांशी अनुभवी सुईणीच्या हाताखालचे होते.

स्त्रीशरीराच्या प्रतिकृतीवर हात बसवण्याची पद्धत कोणी सुरू केली, याबद्दल एकमत नाही. हा मान बहुधा फ्रेंच प्रसविका आंजेलिक द्यु कूद्रे हिला दिला जातो. १७५९ मध्ये पंधराव्या लुई राजाच्या सनदेनंतर तिने सुमारे पाव शतक फ्रान्सभर फिरून प्रसविकांना शिकवले. कापड, चामडे आणि कापूस यांचे ओटीपोट, त्यात बसणारे बाळ आणि मार्ग सैल-घट्ट करायला दोऱ्या-पट्टे, असे तिचे ‘यंत्र’ होते. रूआन येथील संग्रहालयात उरलेल्या नमुन्याच्या क्ष-किरण तपासणीत आत खरी श्रोणीची हाडे आढळली. तिने स्वतः शिकवलेल्यांची संख्या साधारण चार ते पाच हजार धरतात; दहा हजारांच्या आकड्यात तिच्याकडून शिकलेल्या शल्यविशारदांचे विद्यार्थीही धरलेले दिसतात. मात्र पॅरिसमधील प्रसूतिशिक्षक ग्रेग्वार याची वेताच्या विणीची प्रतिकृती त्याआधीची आहे. ती पाहून निराश झालेल्या विल्यम स्मेली या प्रसूतितज्ज्ञाने लंडनमध्ये खऱ्या हाडांवर चामडे चढवून स्वतःची प्रतिकृती केली. इटलीतील बोलोन्यात प्रसूतिशिक्षक जोव्हान्नी आंतोनिओ गाल्ली विद्यार्थ्यांचे डोळे बांधून परीक्षा घेई, असे सांगतात. तेव्हा द्यु कूद्रे ही जनक नव्हे, तर या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर प्रसार करणारी पहिली शिक्षिका, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

कौशल्ये : प्राथमिक आणीबाणीच्या प्रसूतिसेवेत सात कामे मोजली जातात : शिरेतून वा स्नायूत प्रतिजैविके देणे, गर्भाशय आकुंचित करणारी औषधे देणे, झटके थांबवणारी औषधे देणे, हाताने वार काढणे, गर्भाशयात राहिलेले अवशेष काढणे, व्हॅक्यूमसारख्या साधनाने प्रसूती करणे आणि न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणे. शस्त्रक्रिया आणि रक्त देणे ही त्यापुढची पायरी.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात पहिली चूक मोजण्यात होते. नजरेचा अंदाज जवळजवळ नेहमीच कमी पडतो. शिवाय तरुण स्त्रीचा रक्तदाब बराच वेळ टिकतो, नाडी मात्र आधी वाढते. म्हणून कुल्ल्यांखाली खुणा केलेली प्लास्टिकची चादर घालून रक्त मोजायला शिकवतात. ५०० मिलिलिटरला, किंवा ३०० मिलिलिटरसोबत नाडी-रक्तदाब बिघडले असल्यास, थांबायचे नाही. गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारे औषध), ट्रॅनेक्सॅमिक आम्ल (रक्तस्राव रोखणारे औषध) १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत (प्रसूतीपासून तीन तासांच्या आत), सलाइन आणि तपासणी हे सारे एकदमच सुरू करायचे. एकाचा गुण पाहून दुसरे नाही. चार आफ्रिकी देशांतील ८० रुग्णालयांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रीतीने रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ९३ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. हमखास विसरले जाते ते भरलेले मूत्राशय : ते रिकामे केल्याशिवाय गर्भाशय नीट आवळत नाही. गर्भाशय दगडासारखे कडक असूनही रक्त चालूच असेल, तर गर्भाशयमुख किंवा योनिमार्ग फाटला आहे का ते पाहावे. सैल गर्भाशयावर नाळ ओढली तर ते उलटे बाहेर येऊ शकते.

गर्भाक्षेपात (रक्तदाब वाढून येणारे झटके) मॅग्नेशियम सल्फेट द्यायचे असते. ते देताना घोटाळा होतो तो तीव्रतेत. ५० टक्के द्रावणाचे ८ मिलिलिटर आणि निर्जंतुक पाणी १२ मिलिलिटर मिळून २० टक्क्यांचे ४ ग्रॅम होतात. ते शिरेतून ५ ते २० मिनिटांत सावकाश देतात. लगेच प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम पातळ न करता, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. हे पुढचे डोस देण्यापूर्वी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडण्याची प्रतिक्रिया शाबूत, श्वास मिनिटाला किमान १६ आणि चार तासांत लघवी किमान १०० मिलिलिटर, हे तिन्ही पाहावे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट (१० टक्के, १० मिलिलिटर) हाताशी असावे. कपाटात कुलूपबंद असून उपयोग नाही.

बाळाचा खांदा अडकल्यावर डोके बाहेर येऊन कासवासारखे मागे ओढले जाते. तेव्हा वेळ मोठ्याने सांगायची, कळ देणे थांबवायचे, दोन्ही मांड्या पोटाकडे दुमडायच्या आणि बाळाच्या पाठीच्या बाजूने जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडाच्या) वरून दाब द्यायचा. त्यानंतर मागचा हात काढणे, खांदे आतून फिरवणे किंवा स्त्रीला गुडघ्या-हातांवर घेणे. गर्भाशयाच्या माथ्यावर दाबल्याने खांदा आणखी रुततो. मान खेचल्याने हाताच्या नसा तुटतात. केवळ चीर घेऊन अडथळा सुटत नाही, कारण तो हाडाचा आहे. ब्रिस्टलमधील एका रुग्णालयात बाहुलीवरचा सराव सर्वांना सक्तीचा केल्यावर अशा प्रसूतीत बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले (२००८ मध्ये प्रसिद्ध).

सराव कसा घ्यावा : काही महिन्यांत हात विसरतो, म्हणून वर्षातून एकदा लांबलचक वर्गापेक्षा प्रसूतिकक्षातच वरचेवर दहा-वीस मिनिटांचा सराव बरा मानला जातो. शिक्षिकेने पोटावर बांधायच्या प्रतिकृतीतून लाल पाणी सोडतात; तीच स्त्रीची भूमिका करते, त्यामुळे प्रसविकेला हाताने काम करतानाच तिच्याशी बोलावेही लागते. औषध मागणारीने मात्रा व मार्ग सांगायचा आणि देणारीने तो मोठ्याने परत म्हणायचा, हा नियम काटेकोर पाळतात. पारंपरिक सुईणींना असे प्रशिक्षण द्यावे की नाही, हा १९८७ च्या नैरोबी येथील सुरक्षित मातृत्व परिषदेनंतर बराच गाजलेला वाद आहे. कल पुढे प्रशिक्षित प्रसविकांकडे झुकला.

प्रसूतीनंतरचा काळ : याला अभ्यासक्रमात तुलनेने कमी तास मिळतात. बाळंतज्वरासाठी ३८ अंश सेल्सिअस ही सीमा मानतात. १८४०च्या दशकात व्हिएन्नात प्रसविकांच्या विभागात या ज्वराचे मृत्यू वैद्यक-विद्यार्थ्यांच्या विभागापेक्षा बरेच कमी होते, ते शवविच्छेदन करून आलेले हात तेथे बाळंतिणींना लागत नसल्यामुळे. उशिरा वाढणारा रक्तदाब, पायातील रक्ताची गाठ आणि मनाची पडझड ओळखण्याचे प्रशिक्षण अनेकदा एखाद्या व्याख्यानापुरतेच असते.