चष्मा मोजायचा की नाही? सहाय्यक साधनांच्या आकड्यांमागची गोष्ट

जगात २५० कोटींहून जास्त लोकांना चष्मा, कानाचं मशीन, काठी, व्हीलचेअर असलं किमान एक तरी साधन लागतं, आणि त्यातल्या जवळपास १०० कोटींना ते मिळतच नाही, असं डब्ल्यूएचओ आणि युनिसेफचा २०२२ चा रिपोर्ट सांगतो. पण त्याच्या चारच वर्षं आधी डब्ल्यूएचओच म्हणत होती की गरज १०० कोटींना आहे आणि साधन मिळतं दहातल्या एकाला! चार वर्षांत दीडशे कोटी लोकांची नजर गेली नाही की पाय गेले नाहीत, मोजायची पद्धत बदलली.

आधी गरज वेगळी अशी कुणी विचारतच नव्हतं. अपंग किती ते मोजायचं आणि त्यावरून साधनं किती लागतील याचा अंदाज बांधायचा, बस. आता आपल्याकडचंच बघा. १९८१ च्या जनगणनेत तीन प्रकारचं अपंगत्व विचारलं, १९९१ मध्ये प्रश्नच काढून टाकला, २००१ ला परत आणला. २००१ ला दृष्टिदोष असलेले निघाले १ कोटी ६ लाख आणि ऐकू न येणारे फक्त साडेबारा लाख. २०११ ला दृष्टिदोषवाले निम्म्यावर, म्हणजे ५० लाखांवर आले आणि ऐकू न येणारे चौपट, तेही ५० लाखांच्या पुढे. दहा वर्षांत देशाचे डोळे सुधारले आणि कान बिघडले असं कोण मानेल? झालं काय, तर २००१ ला एका डोळ्याने नीट दिसणाराही दृष्टिहीनांत धरला होता, २०११ ला तो वगळला. आणि कानाचं मशीन लावून ज्याला ऐकू येतं तो २००१ ला अपंग नव्हता, २०११ ला झाला. मधेच २००२ मध्ये नॅशनल सॅम्पल सर्व्हेवाल्यांनी चष्म्यासकट तीन मीटरवरून हाताची बोटं मोजता येतात का हे विचारलं, तर दृष्टिदोषवाले भरले २८ लाख. म्हणजे वर्षभराच्या अंतराने दोन सरकारी आकडे, एक दुसऱ्याच्या जवळपास चौपट, आणि असल्या आकड्यांवर कानपूरच्या अलिम्कोने, म्हणजे अपंगांसाठी साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीने, किती तीनचाकी आणि पायाला लावायचे कॅलिपर बनवायचे ते ठरणार.

२००१ मध्येच युनोच्या छत्राखाली अपंगत्व कसं मोजायचं ते ठरवणारा वॉशिंग्टन ग्रुप सुरू झाला, त्यांनी सहा सोपे प्रश्न केले: बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, बोलणं-समजणं, यात त्रास होतो का आणि किती. प्रश्न चांगलेच आहेत, कारण 'तुम्ही अपंग आहात का' असं तोंडावर विचारलं की लोक नाही म्हणतात. पण पहिलाच प्रश्न आहे चष्मा लावूनही त्रास होतो का, म्हणजे चष्म्याने ज्याचं भागलं तो मोजणीतून गायब. अपंगत्व मोजायला ते ठीक आहे, पण साधनांची गरज मोजायची तर तोच माणूस पहिला धरायला हवा ना.

साधनांकडे थेट बघायला सुरुवात झाली ती २०१४ नंतर, अशी साधनं लोकांपर्यंत पोचवायच्या डब्ल्यूएचओच्या गेट उपक्रमापासून. २०१६ ला ५० अत्यावश्यक साधनांची यादी आली. २०१८ ला जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांच्या सभेने, ठराव करून २०२१ पर्यंत रिपोर्ट मागितला, तेव्हा कळलं की लिहायला नीट डेटाच नाही. मग राटा नावाचा घरोघरी जाऊन करायचा छोटा सर्व्हे आला. यात साधनांची चित्रं दाखवून विचारतात, कोणतं वापरता, कोणतं हवंय, कुठून आणलं, पैसे कोणी दिले, किती लांब जावं लागलं, आणि नसेल तर का नाही. मला यातला 'पैसे कोणी दिले' हा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो, कारण उत्तर बहुतेक ठिकाणी एकच, स्वतः नाहीतर घरच्यांनी. ३५ देशांत ३ लाखांवर लोकांना विचारलं. गरज असलेल्यांपैकी साधन मिळालेले कुठे ३ टक्के तर कुठे ९० टक्के, त्यामुळे ते जुनं 'दहातला एक' आता सगळ्या देशांना सरसकट लागू पडत नाही.

एक कच्चा दुवा मात्र राहतो. राटामध्ये डोळे-कान तपासत नाहीत, माणूस सांगेल ते लिहितात. आणि खेड्यातल्या सत्तरीच्या आजी ऐकू येत नाही याला 'वय झालं आता' म्हणतात, मशीन हवंय असं म्हणत नाहीत, मग त्यांची गरज कागदावर शून्य. आणि मशीन हवंय असं म्हटलं तरी पैशांचा प्रश्न राहतोच. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या कमी उत्पन्नवाल्यांना साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात देते. त्यात चष्मा किंवा काठी येते, पण दोन्ही कानांची बऱ्यापैकी मशीनं घ्यायला गेलात तर पुढचे पैसे मुलगाच भरणार.