पलीकडच्या टोकाचा रेझिस्टर: बेव्हरेज अँटेनाची पार्श्वभूमी

टॉप बँडवर, म्हणजे 160 मीटरच्या पट्ट्यावर, नियमित बसणाऱ्या हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) बेव्हरेज ही ग्रहणाची अँटेना काय असते ते सांगायला नको. दोन-तीन मीटर उंचीवर, दीडशे ते तीनशे मीटर सरळ ओढलेली तार. अलीकडे, रिसीव्हरच्या बाजूला, 9:1 ट्रान्सफॉर्मर आणि कोअॅक्स केबल, पलीकडे रेझिस्टर आणि अर्थ. तारेची लांबी आणि उंची यावर फारसा वाद उरलेला नाही. वाद चालतो तो पलीकडच्या टोकावर: रेझिस्टर किती ओहमचा, अर्थ कसा, आणि ते इतकं काटेकोर पाळायची गरज आहे का. या वादाचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या व्यापारी रेडिओत आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातले संदेश अमेरिकेत घेण्याचं मोठं ठिकाण म्हणजे मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं ऑटर क्लिफ्स. तेव्हाच्या तरंगलांबी किलोमीटरांत मोजायच्या. उन्हाळ्यात विजांचा खडखडाट इतका असायचा की संदेश तासन् तास अडकून पडत. हा खडखडाट मुख्यतः नैऋत्येकडून यायचा आणि युरोप होता ईशान्येला, म्हणजे बरोबर उलट दिशेला. तिथे जमिनीवर लांब तारा टाकून प्रयोग करताना एका तरुण अभियंत्याच्या लक्षात आलं की एकच लांब तार, टोकाला रिसीव्हर लावून, एका दिशेचं ठळक ऐकते. 1921 साली त्याला पेटंट मिळालं आणि त्याचंच आडनाव अँटेनाला चिकटलं. त्याच सुमारास लाँग आयलंडवर रिव्हरहेडला अशी सुमारे 14 किलोमीटर लांबीची तार उभी राहिली.

हौशी लोकांकडे ही तार आली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. अटलांटिकपलीकडचे हौशी सिग्नल ऐकू येतात का ते पाहायला एक अमेरिकी हॅम सुपरहेट (तेव्हाचा नवा, संवेदनशील) रिसीव्हर घेऊन स्कॉटलंडच्या अर्ड्रोसनला गेला. समुद्रालगतच्या शेतात तंबू ठोकून त्याने सुमारे 400 मीटर तार खांबांवर ओढली आणि टोक रेझिस्टरमधून जमिनीला जोडलं. तरंगलांबी 200 मीटरच्या आसपास असल्याने ती तार जवळपास दोन तरंगलांबींची झाली. तिच्यावर दोन डझनांहून जास्त अमेरिकी स्टेशनं ऐकू आली आणि एक संदेश पूर्ण उतरवून घेता आला. याचं सगळं श्रेय तारेला देतात, ते मला पटत नाही. त्याच रात्रींत ब्रिटनमधल्या काही हौशींनी आपापल्या साध्या एरियलवर अमेरिका ऐकली होती.

पुढे व्यापारी रेडिओ शॉर्टवेव्हच्या बीमकडे, म्हणजे एकाच दिशेला रोखलेल्या अँटेनांकडे, वळला. 1927 मध्ये इंग्लंडशी बीम सेवा सुरू झाली तेव्हा आपल्याकडे प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडला होत होतं. किलोमीटरभर तारांची गरज ओसरली. हौशी लोकही वरच्या बँडवर गेले. दुसऱ्या महायुद्धात 160 मीटरचा पट्टा लोरान या नौकानयन यंत्रणेने व्यापला. युद्धानंतरही अनेक देशांत तिथे कमी पॉवर आणि तुकड्यातुकड्याने परवानगी एवढंच मिळत होतं. 1980 अखेर अमेरिकेत ती यंत्रणा बंद झाली आणि मग टॉप बँड खऱ्या अर्थाने मोकळा झाला. त्याआधीच, साठ-सत्तरच्या दशकांत, काही जिद्दी मंडळींनी जुने लेख शोधून बेव्हरेज पुन्हा ओढायला सुरुवात केली होती.

इथून रेझिस्टरचा वाद सुरू होतो. हवं ते स्टेशन ज्या दिशेला, त्याच बाजूच्या टोकाला रेझिस्टर असतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. फारशी चांगली वाहक नसलेल्या जमिनीवरून जाणारी लाट किंचित पुढे झुकते आणि त्या झुकावामुळे तारेत लांबीभर थोडा थोडा व्होल्टेज भरत जातो. समोरून आलेली लाट रिसीव्हरकडे सरकत वाढते. मागून आलेली लाट पलीकडच्या टोकाकडे वाढत जाते आणि तिथे रेझिस्टरमध्ये जिरते. रेझिस्टर काढला तर ती परत फिरून रिसीव्हरवर येते आणि तार दोन्ही बाजूंचं ऐकू लागते. म्हणजे रेझिस्टरचं काम फक्त मागची बाजू मारण्याचं. समोरचा सिग्नल त्याने वाढत नाही.

आता किंमत. 2 मिलिमीटर जाडीची तार 2 मीटर उंचीवर असेल तर तिचा सर्ज इम्पिडन्स (तारेवरून धावणाऱ्या लाटेला जाणवणारा रोध; रेझिस्टर याच्याशी जुळवायचा) साधारण 500 ओहम येतो. उंची 3 मीटर केली तर 520. यावरून 470 घ्यायचा की 510, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. हिशेब केला तर 500 च्या तारेला 600 ओहम लावला तरी परतणारी लाट सुमारे 21 डीबी खाली, म्हणजे आलेल्या लाटेच्या शंभराव्या भागाहूनही कमी शक्तीची, असते. ती परत येताना तारेत आणखी थोडी मरते. खरा घोटाळा अर्थचा आहे. खडकाळ जमिनीत ठोकलेल्या एका रॉडचे दीडशे ओहम या 500 मध्ये सहज मिळतात आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याहून खूप वाढतात. एकूण 1000 झाले की परतणारी लाट फक्त दहाएक डीबी खाली राहते, आणि मागची बाजू उघडी पडते. पावसाळ्यात लावून पाहिलेली तार वैशाखात का बिघडली, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या की रॉडभोवतीची माती आधी तपासावी, रेझिस्टर नंतर.

मापनाची सर्वात विश्वासार्ह रीत अँटेना अॅनालायझरची. ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला 1.5 ते 7 मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआरची (लाट किती परत फिरते याच्या मापाची) रेषा काढायची. चुकीच्या टर्मिनेशनला (टोकाच्या रेझिस्टर-अर्थ जोडणीला) ती लाटालाटांनी वरखाली होते, बरोबर असेल तर जवळपास सपाट धावते. पण सर्वात सपाट रेषा म्हणजे सर्वात खोल मागचा नल (मागून सर्वात कमी ऐकू येणं), हे गृहीत चुकीचं आहे. लाँगवेव्हच्या अभियंत्यांना ते माहीत होतं. मागच्या बाजूची उरलेली गळती मारायला ते रिसीव्हरकडे कृत्रिम लाइन (लांब तारेसारखं वागणारं सर्किट) लावून मुद्दाम उलटा व्होल्टेज देत. हौशी लिखाणात ही बाजू गळून गेली आणि ‘सपाट रेषा’ एवढंच उरलं. जवळ वीज पडली की रेझिस्टर बाहेरून धड दिसतो आणि मीटरवर उघडा (आतून तुटलेला) निघतो. समोर आणि मागे सारखंच ऐकू यायला लागलं की आधी तिकडे जावं.

नव्वदच्या दशकात जागेची अडचण असलेल्यांनी हेच तत्त्व छोट्या आकारांत आणलं. 1995 मध्ये ईडब्ल्यूई, 1997 मध्ये के-नाइन-एवाय लूप, मग फ्लॅग आणि पेनंट, या सगळ्या छोट्या ग्रहण-अँटेना. सगळ्यांत एका टोकाला रेझिस्टर आहेच; फ्लॅगमध्ये तो 900 ओहमच्या आसपास असतो आणि अर्थ लागतच नाही. बेव्हरेजवाल्यांना छळणारा प्रश्न तिथे मुळातून सुटतो, म्हणून ही माझ्या मते त्या दशकाची सर्वात मोठी भर आहे. मग आरडीएफ (रिसीव्हिंग डायरेक्टिव्हिटी फॅक्टर) हा आकडा रूढ झाला: समोरचा गेन आणि सर्व दिशांची सरासरी यांतलं अंतर. साध्या उभ्या अँटेनाला सुमारे 5 डीबी, छोट्या लूपला साडेसातच्या आसपास, एका तरंगलांबीच्या बेव्हरेजला दहाच्या पुढे. रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटात बुडत नाही तोवर सिग्नल अशक्त असला तरी चालतं, खडखडाट त्याच्याहून जास्त घटला पाहिजे.

अलीकडे जमिनीवरच टाकलेली तार लोकप्रिय झालीय. तिच्यात लाटेचा वेग बराच मंदावतो, म्हणून 60 मीटरच्या आसपासच थांबावं लागतं आणि रेझिस्टर 200-300 ओहमवर येतो. खाडीकाठच्या खाजण जमिनीवर मात्र कुठलीच बेव्हरेज नीट चालत नाही; खारं पाणी इतकं चांगलं वाहक की लाट झुकतच नाही. शेत मोठं असेल तर दोन समांतर तारांची उलटसुलट बेव्हरेज घ्यावी. तिच्या पलीकडच्या टोकाला रेझिस्टरऐवजी ट्रान्सफॉर्मर असतो. तो जिरवायची लाट दोन तारांच्या जोडीतून अलीकडे परत आणतो आणि दोन्ही दिशा एकाच वेळी दोन कोअॅक्सवर मिळतात. विसाच्या दशकातल्या मूळ लेखातही ही कल्पना होती. अट एकच: ज्या दिशेचं आउटपुट वापरात नसेल, त्याच्या पोर्टवर कोअॅक्सच्या इम्पिडन्सइतका रेझिस्टर लावून ठेवायचा.