गवती चहातले सोन्याचे त्रिकोण

‘पानांच्या रसापासून सोनं बनवतात, खरं का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. नाही. पानं सोनं बनवत नाहीत. ते आधीपासूनच क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या संयुगाच्या द्रावणात आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या रूपात विरघळलेलं असतं. कुठलाही काढा एका मूलद्रव्याचं दुसरं करू शकत नाही, मग तो कितीही जुन्या पोथीतला असो.

पण जे खरोखर घडतं, ते मला या किमयेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या एका जातीचा अर्क या द्रावणात मिसळला. त्यांचं हे संशोधन 2004 साली प्रसिद्ध झालं. ना भट्टी, ना सोडियम बोरोहायड्राइडसारखं तिखट रसायन. सगळं खोलीच्या तापमानालाच.

सोन्याच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन हवे असतात. अर्कातल्या शर्करा ते देतात. उदासीन झालेले अणू पाण्यात विरघळून राहू शकत नाहीत, म्हणून ते एकमेकांना चिकटतात आणि काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोळे तयार होतात. एरवी गोष्ट इथेच थांबते, कारण भोवतीचे रेणू गोळ्यांवर घट्ट वेष्टण चढवतात. गवती चहातली अल्डिहाइड आणि कीटोन ही सेंद्रिय संयुगं मात्र पृष्ठभागाला अशी बिलगतात की गोळे मऊ, जवळजवळ द्रवासारखे राहतात. भिजवलेल्या कणकेचे दोन उंडे शेजारी ठेवले की एकजीव होतात, तसे हे गोळे मिसळतात. मग अणू नव्याने रचले जातात आणि पातळ, सपाट त्रिकोण उरतो. तोही अखंड एकाच स्फटिकाचा!

आकार बदलला की प्रकाशाशी असलेलं नातंही बदलतं. गोळ्यातले इलेक्ट्रॉन सुमारे 520 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाबरोबर झुलतात, तो शोषला जातो आणि द्रावण माणकासारखं लाल दिसतं. त्रिकोणात त्यांना झुलायला लांब पल्ला मिळतो, झोका संथ होतो आणि शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त पट्ट्यात सरकतं.

‘वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक’ असं मानून चांदीचं पाणी, म्हणजे चांदीचे असेच सूक्ष्म कण असलेलं पाणी, औषध म्हणून पिणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो, पिऊ नका. चांदी शरीरात साठली की त्वचा कायमची निळसर-राखाडी पडते. कण कशाच्या अर्काने बनवले, याने त्यात फरक पडत नाही.

पुन्हा सोन्याकडे येऊ. गवती चहाचा अर्क वाढवला की त्रिकोण लहान होतात आणि गोळ्यांचं प्रमाण वाढतं, हेही शास्त्रींच्याच गटाने पुढे दाखवलं. म्हणजे कोणता प्रकाश शोषायचा, ते अर्काच्या मापाने ठरवता येतं. असे त्रिकोण काचेवर लिंपून त्यांनी अवरक्त किरण अडवणारा थरही तयार करून पाहिला.