पार्श्वभूमी : प्राध्यापक, तरीही नवखे

पदवीच्या वर्गातलं गणित मुलांना कसं कळतं, यावरचं संशोधन अमेरिकेत वाढलं ते मुख्यतः गणित विभागांच्या पोटात. शिक्षणशास्त्राने त्याला बळ दिलं, पण घर गणिताचंच राहिलं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना हाताशी धरण्याच्या ज्या रीती पडल्या, त्या यामुळेच इतर विषयांपेक्षा वेगळ्या आहेत.

सुरुवात कॅल्क्युलसच्या, म्हणजे कलनाच्या, शिकवण्याच्या काळजीने झाली. जानेवारी १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला पंचवीसेक जण जमले. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला सहाशेहून जास्त लोक आले आणि कॅल्क्युलस ही मुलांना गाळणारी गाळणी नको, पुढे ढकलणारा पंप हवा, असा सूर लागला. नवी पुस्तकं आली, संगणक आले, गटात बसून काम करणं आलं. मग साधा प्रश्न उभा राहिला : यातून मुलांना जास्त कळतं का? गणिताच्या माणसाकडे याचं उत्तर काढायची पद्धतच नव्हती. इथे सिद्धता चालत नाही.

म्हणून या क्षेत्रातले पहिले ‘नवे’ बरेचसे जुनेच होते. बीजगणितात किंवा विश्लेषणात पीएच.डी. झालेली, नोकरीत कायम असलेली, वर्गावर पकड असलेली माणसं. त्यांना काय शिकायचं होतं हे संशोधनासाठी विद्यार्थ्यांच्या घेतलेल्या मुलाखतीच्या लेखी प्रतीवरून लख्ख दिसतं. विद्यार्थिनीला विचारलेलं असतं, ०.९९९… आणि १ यांत फरक आहे का? ती म्हणते, ‘थोडासा राहतोच.’ पुढच्याच ओळीत प्राध्यापक एक तृतीयांश, म्हणजे ०.३३३…, घेऊन तिला तीनने गुणायला लावतो आणि पुढची दोन पानं तोच बोलतो. अनुभवी सहकारी पहिल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढतो : मुलाखत इथे संपली, तास सुरू झाला. तिचं ‘थोडासा’ म्हणजे नेमकं किती, ते शून्याकडे सरकणारं काही आहे की कायमचं उरणारं, हे विचारायची जागा हातची गेली. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं मार्गदर्शन हे आहे. ते व्याख्यानातून देता येत नाही, प्रत समोर ठेवून शेजारी बसावंच लागतं.

नव्वदच्या दशकात हे शेजारी बसणं गटांतून झालं. १९९६ चा, पुढे पायाभूत ठरलेला एक लेख सहा जणांनी मिळून लिहिला आणि नावं वर्णानुक्रमे दिली. गुरू कोण, शिकाऊ कोण, हे त्या यादीवरून सांगता येत नाही. त्याच सुमाराला, १९९४ मध्ये, नुकत्याच पीएच.डी. झालेल्या गणित शिक्षकांसाठी एक वर्षभराचा उपक्रम सुरू झाला. त्यात बाहेरचा एक अनुभवी माणूस मेंटॉर म्हणून जोडून दिला जाई. बाहेरचा असल्यामुळे त्याच्या हातात या नवख्यांची बढती नसे. आपल्याकडे गाइड आणि मेंटॉर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पण गाइडच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकत नाही, मेंटॉरच्या सहीची कुणाला गरज नसते. म्हणून मेंटॉरजवळ ‘मला कळत नाही’ असं मोकळेपणी बोलता येतं.

१९९६ पासून या मंडळींची स्वतःची परिषद भरू लागली. जानेवारी २००० मध्ये त्यांच्या संघटनेने महाविद्यालयीन गणित शिक्षकांच्या जुन्या संस्थेत विशेष गट म्हणून सामील व्हायचं ठरवलं. त्या संस्थेतला तो असा पहिलाच गट. गणिताच्या घरात राहायचं की वेगळं बिऱ्हाड करायचं, हा वाद तेव्हापासून आहे. मला तो निर्णय बरोबर वाटतो. गणिताच्या अधिवेशनाला आलेला माणूस त्यामुळे सहज शेजारच्या खोलीत डोकावू शकला.

युरोपात वाट वेगळी निघाली. गणित शिक्षणाच्या तिथल्या परिषदेत २००१ मध्ये चेक प्रजासत्ताकात ठरलं आणि २००२ मध्ये ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला उन्हाळी शाळा भरली. पुढे ती साधारण दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरत गेली. नावातच ‘तरुण संशोधक’ आहे. येणारे बहुतेक पीएच.डी. करणारे असतात, छोट्या गटात एकेकाच्या कामावर सावकाश चर्चा होते. व्यवस्था उत्तम आहे, पण ‘तरुण’ हा शब्द मला खटकतो. पंचेचाळिशीत ग्रुप थिअरीसारखं शुद्ध गणित सोडून इकडे वळलेली बाई या क्षेत्रात नवखीच असते, तरी तो शब्द वाचून हे आपल्यासाठी नाही असं समजून ती अर्ज करत नाही. ‘नवा’ म्हणजे वयाने, पदवीने की क्षेत्रात, याचा गुंता अजून सुटलेला नाही. पदवीस्तरासाठी वेगळा युरोपीय गट २०११ मध्ये पोलंडमधल्या परिषदेत बसला, २०१५ मध्ये या विषयाचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नियतकालिक निघालं, २०१६ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरात या विषयातल्या संशोधकांच्या जाळ्याची पहिली परिषद झाली. जागा वाढल्या तशी थेट याच विषयात पीएच.डी. करणारी मुलंही वाढली. आता ‘नवा’ म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येतात आणि मध्येच वळलेला प्राध्यापक मागे पडतो.

आपल्याकडे, विज्ञान आणि गणित शिक्षणाच्या संशोधनावरची एक आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात दोना पावलाला भरली होती. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान आणि गणित शिक्षणात पीएच.डी. करता येते, मात्र तिथल्या गणिताच्या कामाचा भर शालेय वर्गांवर राहिला. एस.वाय.च्या मुलांना सीमेची (लिमिटची) काटेकोर एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या कुठे अडते यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या शिक्षकाला गणित विभागात सांगतात की हे गणित नव्हे, शिक्षणशास्त्र विभागात विचारतात की एम.एड. झालंय का.